करल आणि जांभ्याखालचं लाकूड : दापोली-मंडणगड-रत्नागिरी किनाऱ्यावर दोन दिवसांची जीवाश्म-फेरी कशी आखावी?

नवखा_दगड
आम्ही चौघे आहोत, पुण्याहून गाडीने येणार. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटासाठी नमुने हवेत. दोन गोष्टी डोक्यात आहेत : किनाऱ्यावरचं शिंपल्यांचं करल (वाळू-शिंपले सांधून झालेला दगड), आणि रत्नागिरीकडे जांभ्याखाली मातीत सापडणारं कोळशासारखं लाकूड. नोव्हेंबर ते मार्चमधला कुठलाही शनिवार-रविवार चालेल. एकाच फेरीत दोन्ही बसेल का? हत्यारं काय, परवानगी कुणाची, भरती-ओहोटीचा हिशेब कसा? सगळंच सांगा.

खडपी
एका फेरीत दोन्ही बसवू नका. अंतराचा प्रश्न नाही, ऋतूचा आहे.

पावसाळ्यात लाटा पुळणीवरची वाळू ओढून आत नेतात आणि करलाचे थर उघडे पडतात. दसऱ्यानंतर समुद्र शांत झाला की तीच वाळू हळूहळू परत वर चढते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जिथे हातभर जाडीचा थर तीस-चाळीस पावलं चालत बघता येतो, तिथे फेब्रुवारीत नुसती पुळण दिसते आणि लोक 'इथे काहीच नाही' म्हणून परत जातात. म्हणजे करलासाठी नोव्हेंबर.

लाकूड मात्र जांभ्याच्या खालच्या निळसर-करड्या मातीत असतं, आणि ती माती वर येते ती विहीर खणताना. विहिरी खणतात पाणी खाली गेल्यावर, मार्च ते मे. नोव्हेंबरात गेलात तर विहिरी भरलेल्या आणि काठावरचे मातीचे ढीग पावसाने धुऊन चिखल झालेले. म्हणून लाकडासाठी एप्रिल.

दोन फेऱ्या करा. पहिली करलाची, ती सोपी.

उधाण
खडपींशी सहमत. आता तारीख ठरवूया, कारण करलाची सगळी आखणी ओहोटीवरून उलटी करत यायची असते. आधी ओहोटी, मग मुक्काम, मग गाडी.

कोकणातला जुना हिशेब सगळ्यांना ठाऊक असावा : तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, पूर्ण भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे १५, म्हणजे सव्वाअकरा. द्वितीया म्हणजे दीड. अष्टमी म्हणजे सहा. त्यात सहा तास दहा-बारा मिनिटं मिळवली की ओहोटीचा तळ. दिवसातून दोनदा तेच.

यातून निघतं ते असं. अष्टमी-नवमीला तळ भर दुपारी येतो, उजेड भरपूर, पण तो भांगाचा, पाणी खाली जातच नाही, खडप (किनाऱ्यावरचा खडकाळ भाग) पुरतं उघडं पडत नाही. उधाणाला पाणी खूप खाली जातं, पण पौर्णिमेला तळ पहाटे साडेपाचच्या सुमारास, अंधारात. मधला मार्ग द्वितीया-तृतीया. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस टिकतो, आणि तळ येतो पावणेआठ ते साडेआठला. नोव्हेंबरात उजाडतं पावणेसातच्या आसपास. म्हणजे पाणी उतरत असताना तासभर आणि तळाच्या वेळी अर्धा-पाऊण तास, चांगल्या तिरप्या उन्हात. तिरप्या उन्हात शिंपल्यांच्या कडा उठून दिसतात, बारा वाजताच्या उन्हात सगळं सपाट.

आश्विनातली अमावास्या म्हणजे दिवाळी, खोली मिळणार नाही. त्रिपुरी पौर्णिमेनंतरची द्वितीया धरा.

हा हिशेब ढोबळ आहे, नक्की वेळ आणि उंची सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या. तुमच्या जागेला सर्वांत जवळचं बंदर पाहा, मुंबईचे आकडे दापोलीला लावू नका. दक्षिणेला येत जाऊ तसा भरती-ओहोटीतला फरक कमी होतो आणि भरती थोडी आधी येते.

नवखा_दगड
मोबाइलवरचं अ‍ॅप चालेल ना? त्यात द्वितीयेला ओहोटी पहाटे सव्वादोनला दाखवतंय.

उधाण
ते अ‍ॅप ग्रिनिच वेळ दाखवतंय. साडेपाच तास मिळवा, पावणेआठ. तिथीचा हिशेब यासाठीच पाठ हवा, असली चूक लगेच हाताला लागते.

परतण्याचंही लिहून ठेवतो. भरती एकसारखी चढत नाही. सहा तासांचे सहा भाग केले तर पहिल्या तासात एकूण चढणीचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन बारांश, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. हिशेबापुरता तीन मीटरचा फरक धरा : पहिल्या तासात पाणी २५ सेंमी चढतं, तिसऱ्यात ७५. पहिला तास बघून माणूस निर्धास्त होतो, आणि परतीच्या वाटेवर खडपाच्या टोकाला वळसा घालायचा असेल तर तिसऱ्या तासात ती वाट पाण्याखाली असते. पाणी फिरल्यावर पाऊण तासात हत्यारं गोळा. एक जण घड्याळ आणि पाणी बघणारा ठेवा, त्याने हातोडी धरायची नाही.

भिंगवाली
तारीख झाली, आता तिथे जाऊन बघायचं काय?

करल म्हणजे किनाऱ्यावरची वाळू आणि शिंपले चुन्याने सांधून झालेला दगड. मुंबईच्या आसपास मनोरी, उरणकडेही हाच थर आहे. थर समुद्राकडे थोडा कललेला असतो, पुळणीचा मूळ उतार तोच. काळा पट्टा दिसला तर तो बेसाल्टातून आलेल्या लोहखनिजाच्या रेतीचा, लोहचुंबक लावा, चिकटते.

पहिली गफलत : करलावर बसलेली आजची कालवं आणि बार्नॅकल्स लोक 'जीवाश्म' म्हणून खरवडतात. ती जिवंत असतात, त्यांना हात लावू नका. थरातला शिंपला ओळखायची खूण अशी : रंग गेलेला, पृष्ठभाग खडूसारखा, आणि पोटात तीच वाळू घट्ट सांधलेली. दोन्ही शिंपा मिटलेला एखादा आर्का (दोन झडपांचा जाड शिंपला) मिळाला आणि तो आडवा फुटलेला असला तर भिंग लावून बघा. कित्येकदा खालच्या अर्ध्यात वाळू भरलेली असते आणि वरचा अर्धा पोकळ, कडेला साखरेसारखे बारीक स्फटिक. वाळू आणि पोकळीमधली रेघ म्हणजे त्या वेळची आडवी पातळी. पाणसळ लावल्यासारखी. म्हणून नमुना उचलण्याआधी वरची बाजू कोणती हे पेन्सिलीने बाण काढून नोंदवायचं. बाण नसला तर ती रेघ निरुपयोगी.

दुसरी गफलत बेसाल्टातली. कोकणातला काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यात जीवाश्म शोधणं फुकट. पण त्यात जीवाश्मासारखं दिसणारं भरपूर :
कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे, ही 'डायनोसॉरची अंडी' नव्हेत, झीज आहे.
लाव्ह्याच्या तळाशी वाफ वर जाताना झालेल्या बोटभर जाड उभ्या नळ्या, पांढऱ्या खनिजाने भरलेल्या. या 'झाडाच्या काड्या' नव्हेत.
फटीत नेच्यासारखी काळी नक्षी. मँगनीज.
जांभ्यातल्या वाकड्या पोकळ नळ्या. बहुतेक झिजेच्याच.

लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये साचलेला गाळ ही वेगळी गोष्ट. मुंबईत वरळीला अशाच थरात बेडकाचे सांगाडे सापडले, इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं, आज त्याला इंडोबॅट्रॅकस पुसिलस म्हणतात. ती जागा आता इमारतींखाली आहे, त्यामुळे तुमच्या फेरीत तिचा उपयोग नाही.

कोरडा_विनोद
एक तांत्रिक मुद्दा. करलातले शिंपले बहुतेक होलोसीनचे, गेल्या ११,७०० वर्षांतले. रूढ व्याख्येने दहा हजार वर्षांपेक्षा जुनं ते जीवाश्म. शाळेच्या कपाटावर 'जीवाश्म' लिहून मुलांना चुकीचं शिकवू नका.

भिंगवाली
मान्य. 'उपजीवाश्म' लिहा, वाद मिटला. शिवाय चुन्याने सांधायला हजारो वर्षं लागतातच असं नाही, काही दशकांतही असा दगड होतो. थरात कौलाचा किंवा काचेचा तुकडा दिसला तर तो थर अगदी अलीकडचा. हे मुलांना दाखवायला उलट जास्त चांगलं. मात्र खापर, जळकं लाकूड, नाणं असं काही दिसलं तर फोटो काढून तिथेच ठेवा, ते पुरातत्त्ववाल्यांचं काम. केळशीच्या वाळूच्या टेकडीला तर खुरपंही लावायचं नाही. तिथल्या थरांवर पुरातत्त्वज्ञ अशोक मराठ्यांनी सोळाव्या शतकातल्या त्सुनामीचं संशोधन केलं, एक खड्डा खणला तरी थरांचा क्रम गेला.

तलाठी_नव्हे
कायद्याचं थोडक्यात. भरती-ओहोटीमधला पट्टा सागरी नियमन क्षेत्र १-ब मध्ये येतो, वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा १-अ मध्ये. या पट्ट्यात वाळू-दगड काढायला मनाई आहे. त्यामुळे थराला छिन्नी लावायची नाही. लाटांनी सुटून पडलेले धोंडे पुष्कळ असतात, त्यातलेच मूठभर घ्या. त्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन सांगा, शाळेचं पत्र जवळ ठेवा. गाडीच्या डिकीत दगड दिसले की लोक विचारतात, आणि विचारावंच.

प्रवाळ कुठलंही, मेलेलंसुद्धा, उचलू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतं. मालवणचं सागरी अभयारण्य (१९८७) या बेतातून वगळा.

नोव्हेंबरपासून वेळास-आंजर्ले पट्ट्यात कासवं अंडी घालायला येऊ लागतात. अंधारात पुळणीवर बॅटरी मारत फिरू नका. उजाडल्यावरच उतरा, आणि वाळूवर कासवाचा माग दिसला तर न ओलांडता गावातल्या कासवमित्रांना कळवा.

आणि या धाग्यावर नेमकी जागा टाकू नका. तालुका पुरे.

चिरेखाण
हत्यारं. सुटे धोंडेच घेणार असाल तर यादी लहान :

६००-७०० ग्रॅमची भूशास्त्रज्ञांची हातोडी एक, चौघांत एकच पुरे. सुताराची हातोडी नको, तिच्या तोंडाचे कपचे उडतात. एका हातोडीवर दुसरी कधीच मारू नका, कारण तेच. अर्धा इंची छिन्नी, डोळ्यांना बंद गॉगल (प्रत्येकाला), दहापट भिंग, १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाची ३० मिलि. ड्रॉपरची बाटली. आम्ल घरात नको वाटलं तर लिंबू, पण दगडाची पूड खरवडून तिच्यावर पिळा, अखंड दगडावर फेस दिसत नाही. जुनी वर्तमानपत्रं, गोणपाट, मऊ पेन्सिल आणि ट्रेसिंग पेपरच्या चिठ्ठ्या. बॉलपेनची शाई खाऱ्या ओलीत पसरते.

वजनाचा अंदाज लोकांचा हमखास चुकतो. ३० × २० × १५ सेंमीचा करलाचा तुकडा वीस किलो भरतो. पुळणीवरून किलोमीटरभर चालायचं तर माणशी दहा-बारा किलो ही मर्यादा. म्हणजे मुठीएवढे पाच-सहा नमुने. धोंडा तिथेच फोडून त्यातला चांगला भाग घ्यायचा, सगळा वाहून आणायचा नाही.

पायात गाबतांकडे (मच्छीमारांकडे) असतात तसे प्लास्टिकचे बूट. सपाता नको, कालवांनी घोटा फाटतो आणि ती जखम चिघळते. गोड्या पाण्याने लगेच धुवा.

भिंगवाली
घरी आणल्यावरचं कुणी लिहीत नाही आणि नमुने तिथेच मरतात. करलाच्या छिद्राछिद्रात मीठ असतं. तसंच कपाटात ठेवलं की मीठ ओल धरतं, सुकतं, स्फटिक फुगतात, आणि दोन पावसाळ्यांत शिंपल्याचे पापुद्रे सुटून तळाशी पांढरी पूड. उपाय फक्त पाणी. नमुन्याच्या पाचपट गोडं पाणी बादलीत, पहिला आठवडा रोज बदला, नंतर दोन दिवसांआड. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) ऑनलाइन स्वस्तात मिळतो. ताज्या पाण्याचा आकडा लिहून ठेवा, चोवीस तासांनी बादलीतलं मोजा. फरक उरला नाही की झालं. मुठीएवढ्या तुकड्याला तीन ते सहा आठवडे धरा. मग सावलीत वाळवा.

आम्लाने साफ करायच्या फंदात पडू नका. दगडही चुन्याचा, शिंपलाही चुन्याचा, दोन्ही विरघळतं. दाभणाची सुई आणि टूथब्रश.

नवखा_दगड
एप्रिलच्या फेरीचंही सांगून ठेवा. विहिरीपाशी नेमकं काय करायचं?

खडपी
विहिरीत उतरायचं नाही. हे पहिलं आणि शेवटचं. त्या करड्या मातीत गंधक-लोहाचं खनिज असतं, ते हवेतला प्राणवायू खातं, आणि खणलेल्या खड्ड्यात तळाशी वाईट हवा साचते. दोर बांधूनही नाही. मालकाला भेटा, काठावरच्या ढिगातलं बघायची परवानगी मागा. तेवढंच पुरतं.

ढिगात वरचा तांबडा जांभा आणि चिकणमाती सोडा, करडी-निळी माती शोधा. ओली असताना तिचे पापुद्रे सुरीने सोडवले तर पानांचे ठसे निघतात. लाकूड तपकिरी-काळं, हातात हलकं, रेषेत फुटतं, खापरावर घासलं तर तपकिरी रेघ. ब्लेडने आडवा स्वच्छ काप घेऊन भिंगातून पाहिलं तर वाहिन्यांची भोकं दिसतात. हे मायोसीन काळातलं, म्हणजे लाखो वर्षं जुनं. इथे 'जीवाश्म' बिनधास्त लिहा, विनोदराव.

सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) मात्र कुदळ-पहार काहीही नको. कातळशिल्पं कुठे मातीखाली असतील सांगता येत नाही, आणि ती २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.

चिरेखाण
लाकूड सुकू देऊ नका. उन्हात दोन तास ठेवलं की तडे जाऊन काड्या होतात. जागेवरच ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, वर प्लास्टिक, मग डबा. घरी आल्यावर पांढऱ्या गोंदात पाणी घालून बुडवा, घट्ट होतं.

भिंगवाली
पांढरा गोंद नको हो. एकदा आत गेला की निघत नाही, पिवळा पडतो, आणि पुढे कुणाला काप घेऊन अभ्यास करायचा तर भोकं बुजलेली. ओल्या लाकडाला पॉलिइथिलीन ग्लायकॉल (पाण्यात विरघळणारं मेणासारखं रसायन) : १० टक्क्यांपासून सुरू करून काही आठवड्यांत हळूहळू वाढवत न्या, मग झाकण किलकिलं ठेवून सावकाश वाळवा. पॅरालॉइड बी-७२ (संग्रहालयात वापरतात ती पारदर्शक राळ) अ‍ॅसिटोनमध्ये ५ टक्के, हे फक्त पूर्ण सुकलेल्या नमुन्याला. ओल्याला लावलं तर वर पांढरा थर धरतो.

चिरेखाण
शाळेत ग्लायकॉल कोण आणणार? निम्मे नमुने जातात त्यापेक्षा गोंद बरा.

भिंगवाली
मग दोन भाग करा. दाखवायच्या तुकड्याला गोंद, एक तुकडा काहीही न लावता ओला डब्यात. पानांचे ठसे किंवा चांगलं लाकूड मिळालं तर तो दुसरा तुकडा पुण्याच्या आघारकर संस्थेत किंवा लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत दाखवता येईल. गोंद लावलेला कुणी घेणार नाही.

आणि सुकलेल्या लाकडावर पिवळट-पांढरी पूड, आंबूस वास आला की गंधकाचं आम्ल तयार होतंय. तो नमुना लगेच वेगळा काढा, नाहीतर शेजारची चिठ्ठी आणि पुठ्ठाही खातो. हवाबंद डबा, दहा लिटरला अर्धा किलो सिलिका जेल, डब्यात छोटा आर्द्रतामापक. रंग बदलला की जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास. आर्द्रता पन्नासच्या खाली हवी, आणि जुलैत कोकणात तर ती जेलशिवाय शक्यच नाही. पुण्यातही लक्ष ठेवा.

उधाण
रस्त्याचं. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, बागमांडला, तिथून फेरीबोटीने वेश्वी. गाडी बोटीत जाते. बोट रात्री नसते, शेवटची फेरी आधी फोनवर विचारा, चुकली तर महाड-मंडणगड असा मोठा वळसा. किनाऱ्यावर वाड्यांमध्ये नेट जातं-येतं, नकाशा आणि तक्त्याचं पान कागदावर घ्या.

जांभ्यावर फुरसं असतं, दगडाखाली हात घालण्याआधी काठीने उलटा. चावलंच तर चिरायचं-आवळायचं नाही, पाय हलू न देता १०८. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी आहे, समुद्रसापावर ती चालत नाही. डबक्यात चपट्या शेपटीचा साप दिसला तर लांबूनच नमस्कार.

नवखा_दगड
बेत असा केलाय : त्रिपुरी पौर्णिमेनंतरची द्वितीया, शनिवार. शुक्रवारी दुपारी पुण्याहून निघून संध्याकाळच्या बोटीने वेश्वी, मंडणगड तालुक्यात मुक्काम. शनिवारी सातला पुळणीवर, पावणेआठचा तळ, साडेआठला वर. मग ग्रामपंचायतीत जाऊन सांगणं. रविवारी तृतीया, तोच क्रम दुसऱ्या जागी. माणशी दहा किलो. पाणी बघायला एक जण.

तलाठी_नव्हे
क्रम उलटा झालाय. आधी ग्रामपंचायत, मग पुळण. शनिवारी सकाळी सातला कार्यालय बंद असणार, म्हणून शुक्रवारी दुपारी नव्हे, सकाळी निघा आणि चारच्या आत गावात पोचा.

उधाण
शनिवार आणि द्वितीया जुळतेच असं नाही, पंचांग बघा. प्रतिपदा-द्वितीया आली तरी चालेल, तळ पाऊण तास आधी, सातच्या सुमारास. मग साडेसहालाच काठावर हवं. चतुर्थी-पंचमी आली तर तो शनिवार सोडा, पुढच्या पंधरवड्यात बघा.

नवखा_दगड
पंचांग बघितलं. द्वितीया रविवारी येतेय, शनिवारी प्रतिपदा. शुक्रवारी सकाळी सहाला निघतो.